सासूबाईंचं ताट वेगळं करायचं का?

प्रश्न: नाशिकच्या सिडको भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा आशय असा. त्यांच्या ६८ वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन होऊन आत सळई आणि स्क्रू बसवले गेले. नवव्या दिवशी टाक्यांतून पाणी येऊ लागलं आणि तपासणीत ‘एमआरएसए’ हा औषधांना न जुमानणारा जंतू निघाला. इंजेक्शनांचा कोर्स झाला. आता घरी गोळ्या चालू आहेत आणि एक दिवसाआड एक सिस्टर घरी येऊन ड्रेसिंग करते. घरात दहा महिन्यांची नात आहे. नणंदेचं म्हणणं असं की आईला मागच्या खोलीत ठेवा, ताट-वाटी वेगळी करा, बाळाला जवळ नेऊ नका. दीर रुग्णालयावर केस करायला निघाले आहेत. ओळखीच्या मेडिकलवाल्याने ‘सगळ्या घराने पाच दिवस सेफिक्झाइम घेऊन टाका’ असं सुचवलं आहे. पत्रलेखिकेला मात्र वेगळीच टोचणी लागली आहे. रुग्णालयात सगळ्या रात्री त्याच सोबतीला होत्या. बेडपॅन, अंग पुसणं, भरवणं सगळं त्यांनीच केलं. शेजारच्या खाटेवरच्या एकट्या आजींनाही त्या उठवून बसवत, पाणी देत. ‘हा जंतू माझ्याच हातांनी आला का?’ असं त्या विचारतात.

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. जंतू तुमच्या हातांनी आला असेलही, नसेलही, आणि ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तो सासूबाईंच्या स्वतःच्या नाकात आधीपासून असू शकतो. बीपीच्या पट्ट्यावरून, सिस्टरच्या हातमोज्यावरून, खाटेच्या कठड्यावरून किंवा ऑपरेशनच्या टेबलावरही तो आलेला असू शकतो. शेजारच्या आजींना तुम्ही पाणी दिलंत त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या जनरल वॉर्डात नातेवाईक म्हणजे बिनपगारी कर्मचारीच असतो. तो पुसतो, भरवतो, कूस बदलतो, लघवीची पिशवी रिकामी करतो. पण एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हाताला काय करायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. दोष धरायचाच तर या न सांगण्याला धरा.

पत्रात सगळ्यांनी मिळून आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे: हा जंतू साध्या जंतूपेक्षा भयानक आणि जास्त ‘लागट’ आहे. इथे थोडं थांबायला हवं. एमआरएसए म्हणजे ‘मेथिसिलीन रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस’, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या अगदी ओळखीच्या जंतूचा मेथिसिलीनला न जुमानणारा प्रकार. दहा निरोगी माणसांपैकी साधारण तिघांच्या नाकात साधा स्टॅफिलोकॉकस काहीही त्रास न देता राहत असतो. १९६०च्या सुमारास मेथिसिलीन हे औषध वापरात आलं आणि १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे नमुने सापडले. ते औषध आता वापरातून गेलं, नाव मात्र चिकटून राहिलं. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या भिंतीतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि भिंत बांधण्याचं काम बंद पाडतात. एमआरएसएकडे त्याच कामाचं एक जादा, थोडं वेगळ्या घडणीचं प्रथिन असतं. औषध त्याला धरू शकत नाही, भिंत बांधली जात राहते. फरक एवढाच. त्याने जंतूला पंख फुटत नाहीत.

सासूबाईंचा कल्चरचा, म्हणजे जखमेतला जंतू वाढवून त्यावर औषधं तपासल्याचा, कागद काढून पाहा. औषधांच्या यादीत ‘सेफॉक्सिटिन’ असेल आणि त्यापुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाही) लिहिलेलं असेल. प्रयोगशाळा एमआरएसए ओळखते ती बहुधा याच चाचणीवरून. त्या एका ‘आर’चा अर्थ असा की पेनिसिलीनची सगळी आणि सेफ घराण्यातली (सेफॅलोस्पोरिन, नाव बहुधा ‘सेफ’ने सुरू होणारी) जवळजवळ सगळी औषधं बाद. पण खाली व्हॅन्कोमायसिन, टायकोप्लॅनिन, लिनेझोलिड यांच्यापुढे बहुतेकदा ‘एस’ (औषध लागू पडतं) असतो. म्हणजे औषध आहे, फक्त निवड थोडी आणि जपून करायची आहे. ‘आईच्या शरीराला औषधांची सवय झाली’ असं घरात कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. सवय शरीराला होत नाही, बदललेला असतो तो जंतू. त्यामुळे सासूबाईंनी आयुष्यात फारशा गोळ्या घेतल्या नसल्या तरी दुसऱ्याकडून आलेला असा जंतू त्यांच्या जखमेत वाढू शकतो.

आणि ही गोष्ट तर नणंदबाईंना मुद्दाम सांगा: औषधाला न जुमानणारा हा जंतू साबणाला, सॅनिटायझरला आणि ब्लीचला साध्या जंतूइतकाच बळी पडतो. गोळीविरुद्ध कमावलेली ताकद त्याला साबणापुढे कामाला येत नाही. ‘या जंतूवर काहीच चालत नाही’ ही भीती निम्मी इथेच गळून पडावी.

तो फिरतो कसा ते पाहू, म्हणजे घरात काय करायचं आणि काय नाही हे आपोआप कळेल. एमआरएसए मुख्यतः स्पर्शाने जातो. आपल्या त्वचेवरून रोज सुमारे दहा लाख सूक्ष्म पापुद्रे जिवंत जंतूंसकट गळत असतात. ते चादरीवर, कठड्यावर, शेजारच्या छोट्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीवर पडतात. कोरड्या पृष्ठभागावर स्टॅफिलोकॉकस आठवडाभर, कधी काही महिनेही तग धरतो. म्हणून रुग्णाला हात न लावता नुसता कठडा धरून ‘कसं वाटतंय आजी?’ विचारणारा माणूसही जंतू हातावर घेऊन जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, जखम किंवा नळी हाताळण्याआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि पाचवा, रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यातला पाचवा फार वेळा चुकतो. सलाईनचा स्टँड सरकवला, पडदा ओढला, फाईल उचलली, तर हात धुवायचे असतात हे कुणाच्या मनातच येत नाही.

हातमोज्यांचा तर घोटाळाच आहे. मोजा घातला की घालणाऱ्याला आपण स्वच्छ झालो असं वाटतं. खरं तर मोजा म्हणजे रबराची दुसरी कातडी. तिच्यावरही जंतू तसेच चिकटतात आणि ती पुढच्या खाटेपर्यंत तशीच जाते. मोजे एका रुग्णापुरते, किंबहुना एका कामापुरते. आणि ते काढल्यावरही हात स्वच्छ करायचे, कारण काढताना बाहेरची बाजू बोटांना लागते आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रंही असतात.

रुग्णालयात नातेवाईक पुन्हा बसतील तेव्हा (तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या घरचे) त्यांनी खाटेला सॅनिटायझरची बाटली टांगून घ्यावी. तळहाताच्या खोलगट भागात भरेल एवढं, म्हणजे साधारण ३ मिली, घ्यायचं आणि २० ते ३० सेकंद, हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळायचं. दोन थेंब घेऊन तळवे एकमेकांवर फिरवले की झालं, असं नसतं. नेहमी राहून जातात ते अंगठे आणि बोटांची टोकं, आणि नेमकं त्यांनीच आपण सगळं करतो. हाताला पू, विष्ठा किंवा चिकटपणा दिसत असेल तर सॅनिटायझर काम करत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणी, ४० ते ६० सेकंद. मनगटावरचा ओला गंडा, दोरा, रक्षाबंधनापासून तशीच राहिलेली राखी यांच्याखाली ना सॅनिटायझर पोहोचतं ना साबण. सेवा करायच्या दिवसांत त्या सोडून देवघरात ठेवल्या तर कुणाची श्रद्धा कमी होत नाही. बांगड्या कोपराकडे सरकवून हात धुवा, अंगठी काढून ठेवा.

भेटायला येणाऱ्यांचं काय? आपल्याकडे निफाडहून, सिन्नरहून गाडी भरून माणसं येतात, आणि न येणं हाच अपमान ठरतो. त्यांना अडवा असं म्हणणं सोपं, पण ते घडत नाही. मग तीन गोष्टी तरी सांभाळाव्यात. खाटेवर बसायचं नाही, खुर्ची घ्यायची. डब्याची पिशवी जमिनीवर ठेवून मग उचलून गादीवर ठेवायची नाही. आणि पायाशी वाकून नमस्कार करायचा असेल तर आल्यावर एकदा आणि निघताना एकदा सॅनिटायझर. सप्तशृंगीचा अंगारा कपाळाला लावा, पण जखमेच्या पट्टीवर किंवा आसपास नाही. रामकुंडावरचं तीर्थ तर जखमेपासून लांबच राहू द्या.

आता घर. ताट-वाटी वेगळी करू नका. स्टॅफिलोकॉकस जेवणाच्या भांड्यांतून जाऊन कुणाची जखम बिघडवत नाही. नेहमीच्या साबणाने घासलेलं ताट सगळ्यांना चालतं. आपल्याकडे ‘ताट वेगळं’ या शब्दांना फार जुना आणि कडवट इतिहास आहे. टीबीच्या रुग्णांनी तो सोसला, विधवांनी सोसला. सासूबाई बोलून दाखवणार नाहीत, पण जेवण कमी करतील. मागच्या खोलीचा तोटा तर सरळ शारीरिक आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस उठला पाहिजे, वॉकर धरून चालला पाहिजे. एकटी खोली, कुणी बोलायला नाही, म्हणजे माणूस पडून राहतो. पडून राहिला की पाठीला, टाचेला जखमा होतात, आणि प्रत्येक नवी जखम म्हणजे त्याच जंतूला नवा दरवाजा. म्हणजे जंतूच्या भीतीने केलेला वेगळेपणाच जंतूला जागा करून देतो.

वेगळ्या ठेवायच्या त्या या वस्तू: टॉवेल, पंचा, कंगवा, नखं कापायचं कटर आणि साबण. जमल्यास त्यांच्यासाठी पंपाची साबणाची बाटलीच ठेवा, म्हणजे वडी सगळ्यांच्या हातात जात नाही. चादर रोज बदलता आली तर उत्तम, नाही तर एक दिवसाआड. ती काढताना झटकू नका, पापुद्रे उडतात. गुंडाळून थेट बादलीत टाका. जखमेचा डाग असलेले कपडे बाकीच्यांत मिसळू नका. वॉशिंग मशीनमध्ये ६० अंशांचा पर्याय असेल तर तो वापरा. नसेल तर पावडर घालून गरम पाण्यात भिजवा, धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. दमट राहिलेला टॉवेल धुतल्याचा काही उपयोग होत नाही.

नातीला जरूर जवळ जाऊ द्या. जखम कोरड्या, चारही बाजूंनी चिकटलेल्या पट्टीने झाकलेली असेल तर आजीच्या मांडीवर बसायला हरकत नाही, फक्त ऑपरेशनच्या बाजूला नको, पट्टीला लाथ बसेल. आजीने बाळाला घेण्याआधी हात धुवायचे, आणि तुम्ही ड्रेसिंग किंवा कमोडचं काम केल्यावर बाळाला उचलण्याआधी. दूध पाजत असाल तर चालूच ठेवा. स्तनाग्रांना चीर पडली किंवा छाती लाल आणि दुखरी झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवताना घरात एमआरएसए होता हे आठवणीने सांगा. बाळाच्या अंगावर इसब किंवा ओले फोड असतील तर ते बरे होईपर्यंत जास्त जपा, कारण फुटलेली त्वचा हीच जंतूची वाट. बाळाला आजीच्या चादरीवर रांगायला सोडू नका, स्वतंत्र सतरंजी घाला.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं आहे ते ड्रेसिंगकडे, आणि पत्रात नेमका त्याचाच उल्लेख एका ओळीत उरकला आहे. घरोघरी जाणारी सिस्टर दिवसात अनेक घरं करते. तिच्या पिशवीतली चिकटपट्टीची रीळ, कात्री आणि बीपीचा पट्टा या तीन गोष्टी तिच्याबरोबर प्रत्येक घरी जातात, आणि त्यांना कुणी धूत नाही. रिळेची कड तर चिकटच असते. तिच्यावर काय काय बसतं याची कल्पना करा. म्हणून रीळ आणि कात्री तुमची स्वतःची घ्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. बीपीचा पट्टा बाहीवरून बांधायला सांगा. हे सांगताना संकोच वाटेल. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणा, काम होतं.

ड्रेसिंगचा क्रम असा असायला हवा. आधी लागणारं सगळं धुतलेल्या ट्रेमध्ये काढून ठेवायचं: गॉज, सलाईन, पट्टी, दोन जोड मोजे, कचऱ्यासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी. मग हात धुवायचे. पहिला जोड घालून जुनी पट्टी काढायची, तिच्यावरच्या स्रावाचा रंग आणि वास पाहायचा, ती पिशवीत टाकायची आणि मोजेही लगेच तिच्यातच. पुन्हा सॅनिटायझर. मग दुसरा जोड घालून जखम स्वच्छ करायची, एका गॉजने एकदाच, टाक्यांच्या रेषेवरून बाहेरच्या दिशेने, आणि तो टाकून नवा घ्यायचा. शेवटी कोरडी पट्टी. गडबड होते ती इथे: जुनी पट्टी काढलेल्या त्याच मोज्यांनी गॉजच्या नव्या पाकिटात हात घातला जातो. पाकिटात उरलेले सगळे गॉज त्याच क्षणी बाद झाले, पण ते परवा पुन्हा वापरले जातात. पंख्याखाली ड्रेसिंग करू नका. जखमेवर हळद, अँटिबायोटिकची पावडर किंवा उरलेलं मलम टाकू नका, सर्जनने लिहून दिलं असेल तेवढंच. वापरलेलं साहित्य पिशवीला गाठ मारून, वर कागद गुंडाळून वेगळं ठेवा आणि घंटागाडी आली की ‘यात जखमेच्या पट्ट्या आहेत’ असं सांगून हातात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात सोडलेली पट्टी शेवटी कुणाच्या तरी उघड्या हाताने वेगळी केली जाते. इंजेक्शनची सुई निघाली तर ती जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, पिशवीत कधीच नाही.

घर पुसण्याबाबत एक भ्रम: फिनेलचा वास येतो म्हणजे जागा निर्जंतुक झाली. वास हा स्वच्छतेचा पुरावा नाही. फरशीपेक्षा हात लागतात त्या जागा महत्त्वाच्या: वॉकरच्या मुठी, कमोडच्या खुर्चीचे हात, खाटेची कड, दिव्याची बटणं, नळाची तोटी, टीव्हीचा रिमोट आणि सगळ्यात अस्वच्छ असा मोबाइल. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, कारण मळ आणि पू यांच्यावर ब्लीच वाया जातं. मग ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर भरा, ४ टक्के असेल तर २५ मिली. मापासाठी औषधाच्या बाटलीचं जुनं झाकण वापरा आणि ते पुन्हा औषधाला वापरू नका. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर वॉकरच्या धातूला गंज चढतो. द्रावण रोज नवं करा, कालचं ओतून द्या. खिडकी उघडी ठेवा. आणि हे विसरू नका: संडास साफ करायच्या ॲसिडच्या द्रावणात ब्लीच कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. मोबाइल आणि रिमोटला ७० टक्के अल्कोहोलचा बोळा पुरतो.

मेडिकलवाल्याचा सल्ला मात्र सरळ धुडकावून लावा. सेफिक्झाइम हे त्याच सेफ घराण्यातलं. एमआरएसएवर त्याचा काहीही परिणाम नाही, साध्या स्टॅफिलोकॉकसवरही ते जेमतेमच चालतं. उलट निरोगी माणसांच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतील आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेत औषधाला न जुमानणारे वाढतील. म्हणजे ज्याला भिऊन गोळी घेतली, तेच घरात तयार करायचं. शिवाय सेफिक्झाइम ‘शेड्यूल एच-१’ या औषधांच्या सरकारी यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून असं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं, डॉक्टर आणि रुग्ण यांची नोंद वेगळ्या वहीत करायची आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. गोळीच्या पाकिटावरची उभी लाल रेघ हीच खूण सांगते. ओळखीचा म्हणून त्याने सुचवलं असेल, पण ओळखीखातर ते घेऊ नका.

मग घरातल्या सगळ्यांच्या नाकाची तपासणी करायची का? नको. कुणाच्या तरी नाकात जंतू निघेल, त्याला काही त्रास नसेल आणि घरात भीती तेवढी वाढेल. अपवाद आहेत: कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं असेल, कुणी डायलिसिसवर किंवा केमोथेरपीवर असेल, किंवा घरात कुणाला वारंवार गळवं येत असतील. अशा वेळी डॉक्टर नाकात मुपिरोसिनचं मलम दिवसातून दोनदा पाच दिवस आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने आंघोळ असा उपाय सांगू शकतात. मनाने सुरू करू नका. हे मलम ऊठसूट वापरलं की जंतू त्यालाही सरावतो.

हे सदर वाचणाऱ्या काही घरांतल्या कागदावर एमआरएसएऐवजी ‘क्लेबसिएला, कार्बापेनेम रेझिस्टंट’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे कार्बापेनेम या जोरदार अँटिबायोटिकांनाही न जुमानणारा क्लेबसिएला नावाचा जंतू. आयसीयूतून किंवा लघवीच्या नळीसह घरी आलेल्यांमध्ये ते अनेकदा दिसतं. तो जंतू मुख्यतः आतड्यात राहतो. म्हणून तिथे भर द्यायचा तो डायपर, कमोड आणि लघवीची पिशवी हाताळल्यानंतरच्या हात धुण्यावर. पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही, मूत्राशयाच्या पातळीच्या वर उचलायची नाही आणि रोज डॉक्टरांना ‘नळी कधी काढणार?’ हे विचारायचं. या जंतूंकडे प्रतिकाराची जनुकं बहुधा डीएनएच्या वेगळ्या छोट्या वर्तुळांवर असतात आणि एका जातीचा जंतू ती दुसऱ्या जातीलाही देऊ शकतो. म्हणून रुग्णालयं त्याला जास्त घाबरतात. बाकी ताट-वाटीचं उत्तर तेच.

ताई, या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती आतल्या सळईची. धातूवर स्टॅफिलोकॉकस चिकट थर करून बसतो. त्या थराच्या आत औषध नीट पोहोचत नाही. अशा वेळी वरची जखम भरलेली दिसते, गोळ्या चालू असेपर्यंत ताप दबलेला राहतो आणि गोळ्या संपल्या की पुन्हा पाणी येतं. त्यामुळे स्राव पुन्हा सुरू झाला, लाली पसरली, टाक्यांची कड उघडली, ताप आला किंवा आधी चालत होत्या त्या आता पाय टेकवताना कळवळू लागल्या, तर ड्रेसिंगवाल्या सिस्टरला विचारत बसू नका. त्याच दिवशी सर्जनला गाठा. लवकर उघडून आतून धुतलं तर सळई वाचवता येण्याची शक्यता बरीच असते, आठवडे गेले की ती कमी होत जाते. गोळ्या ठरल्या तारखेपर्यंतच घ्यायच्या, आधी बंद नाहीत आणि उरलेल्या पुढच्या वेळेसाठी नाहीत. लिनेझोलिड असेल आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर दर आठवड्याला रक्ताची सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची) तपासणी करतात का, हे विचारून घ्या, कारण त्याने प्लेटलेट कमी होऊ शकतात.

पुढे कधीही त्यांना कुठल्याही रुग्णालयात न्याल, अगदी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जरी, तर दारातच सांगा की यांना एमआरएसए झाला होता. बरीच घरं हे लपवतात, दाखल करून घेणार नाहीत या भीतीने. लपवल्याने नुकसान आधी तुमचंच होतं. ऑपरेशनआधी नेहमीचं सेफ घराण्यातलं इंजेक्शन दिलं जाईल आणि ते या जंतूवर चालणार नाही. सांगितलंत तर औषध बदलता येतं, खाट कडेची देता येते, वेगळा स्टेथोस्कोप आणि बीपीचा पट्टा लावता येतो. आपल्या जिल्ह्यात रुग्ण तालुक्याच्या गावातून नाशिकला आणि नाशिकहून मुंबईला जातो. प्रत्येक टप्प्यावर कागद मागे राहतो आणि जंतू पुढे जातो. कल्चरचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आधार कार्डाच्या शेजारी ठेवा. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

राहिले दीर. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण केस ही पहिली पायरी नसावी. कुणाच्या हातून जंतू आला हे सिद्ध करणं फार अवघड असतं आणि नुसता संसर्ग झाला म्हणजे हलगर्जी झालीच असं होत नाही. तरीही गप्प बसू नये. आत धातू बसवलेल्या ऑपरेशननंतर ९० दिवसांत झालेला जखमेचा संसर्ग रुग्णालयाने स्वतःच्या खात्यात मोजायचा असतो, आणि तुम्ही कळवलंच नाही तर तो मोजला जात नाही. म्हणून दिरांना हे काम द्या. आधी सगळ्या केसपेपरची लेखी मागणी करा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत मिळायला हवेत. मग संसर्ग नियंत्रण समितीच्या नावे पत्र द्या आणि नेमकं विचारा: चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं होतं का, कोणतं? केस वस्तऱ्याने काढले की क्लिपरने (केस कापायच्या यंत्राने)? (वस्तरा नको, त्याने बारीक चिरा पडतात.) त्या काळात त्या वॉर्डात आणखी कुणाला एमआरएसए निघाला का? प्रत्येक खाटेला सॅनिटायझर आता आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारं रुग्णालय बहुधा सुधारतही असतं. टाळाटाळ झाली तर महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे जा, कारण शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी तिथेच होते. पत्र दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.